चिमूटभर मीठ आणि ३४,५०० रुपये

आधीच सांगून टाकतो, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी शाळेत विज्ञान शिकवतो. एकवीस वर्षं. विद्युत अपघटनाचा धडा दरवर्षी घेतो. आणि त्याच प्रयोगाने, माझ्याच स्वयंपाकघराच्या ओट्यावर, मला ३४,५०० रुपयांना टोपी घातली गेली.

आमच्याकडे नळाला पाणी जड येतं. उन्हाळ्यात बोअरचं मिसळतात तेव्हा तर विचारू नका. बादलीला पांढरी कडी, शॉवरची निम्मी भोकं बुजलेली, तूरडाळ पाच शिट्ट्या झाल्या तरी दाण्यादाण्याची. साबण घासून हात दुखतो पण फेस येत नाही. त्याच आठवड्यात गिझरची कॉईल गेली होती. मिस्त्रीने काढून दाखवली तर तिच्यावर बोटभर जाडीचा चुन्याचा थर, पान्याने ठोकला की खपल्या पडत होत्या. नवीन कॉईल १,१५० रुपये. असा वैतागलेला असताना दारात 'पाण्याची मोफत तपासणी' आली. ती कशी येते ते तुम्हाला माहीत आहेच. गळ्यात ओळखपत्र, हातात बॅग, तोंडात 'सर'.

त्याने दोन ग्लास मांडले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं 'आमच्या मशीनचं'. दोन्हींत सळ्या सोडल्या, बटण दाबलं. मिनिटाभरात नळाच्या पाण्यात तपकिरी-हिरवा गाळ उसळला, गटारासारखा. दुसरा ग्लास नितळ. "सर, हे तुमची मुलगी रोज पितेय."

आता नीट वाचा. माझी बायको, जिने दहावीनंतर विज्ञानाला हात लावलेला नाही, ती म्हणाली, "अहो, त्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाकून बघा ना, काय होतं ते." तो हसला. "मॅडम, मीठ टाकल्यावर ते शुद्ध कसं राहील?" आणि मीही हसलो. त्याच्याबरोबर. बायकोवर.

ते हसू आजही कानात वाजतं. सगळं उत्तर त्या चिमटीत होतं. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंडाची सळई झिजते, आणि तो गाळ त्या सळईचा असतो, पाण्यातला नव्हे. त्याच्या बाटलीतलं पाणी आरओचं असणार, त्यात क्षार नसल्यासारखेच, म्हणून तिथे काहीच घडत नाही. मीठ टाकलं असतं तर तोही ग्लास तसाच घाण झाला असता. मी हे मुलांकडून पाठ करून घेतो! पण दिवसभर पेपर तपासून आलेला माणूस, गिझर बंद, समोर मुलीचं नाव निघालेलं, अशा वेळी डोकं धड्यातलं बोलत नाही. कोणाचं बोलेल ते सांगा.

पाणी मऊ करणाऱ्या त्या मशीनची किंमत ४२,०००. 'शिक्षकांसाठी' ३४,५००. त्याच दिवशी ५,००० रोख, दुसऱ्या दिवशी २५,००० यूपीआयने, उरलेले ४,५०० बसवल्यावर. प्लंबरचे १,२०० वेगळे, ते कोणी धरतच नाही. यूपीआयवर कंपनीचं नाव आलं नाही, एका माणसाचं आलं. तेव्हा विचारलं तर म्हणाला, "आमचे अकाउंटंट आहेत." इथेच थांबा, पैसे टाकू नका. पावतीवर जीएसटी क्रमांक होता. तो पंधरा अंकाक्षरांचा असतो, आपल्या राज्याचा २७ ने सुरू होतो. माझ्या पावतीवर चौदाच होती. कधी मोजली? दीड महिन्याने.

मशीन म्हणजे टाकीच्या पाइपवर बसवलेला स्टीलचा नळकांडा. मीठ घालायची जागा नाही, आत धुऊन निघालेलं पाणी बाहेर टाकणारी नळी नाही. खऱ्या सॉफ्टनरमध्ये, म्हणजे जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्रात, रेझिनचे बारीक मणी असतात, ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून सोडियम सोडतात आणि ते ताजे करायला मिठाचं पाणी लागतंच. जो म्हणतो 'सर, मीठ नाही, मेन्टेनन्स नाही', त्याला चहासुद्धा देऊ नका. आणि टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, आकडा दाखवून पाणी मऊ झालं म्हणणारा तर उघड खोटा. सॉफ्टनरने टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, मीटर फक्त वीजवहन मोजतं.

मला त्याने आकडा दाखवला होता. आधी ९१०, मग ८५. मी गच्चीवर प्लंबरजवळ असताना त्याने दुसरा नमुना भरून आणला. कुठून? स्वयंपाकघरातल्या माझ्याच, चार वर्षं जुन्या आरओच्या तोटीतून. बायकोने पाहिलं होतं. पण ग्लासाच्या वेळी मी तिला गप्प केलं होतं ना, मग ती कशाला बोलेल.

महिन्याभरात बादलीला पुन्हा कडी. ३५० रुपयांचं मीटर आणून बाथरूमच्या नळाला लावलं: ९०५. प्लंबरने नळकांडा उघडला. आत जुन्या स्पीकरमधून काढल्यासारखे दोन लोहचुंबक आणि मूठभर पांढरे खडे.

मग चौकी. "पैसे तुम्हीच दिले ना? वस्तू मिळाली ना? मग हे दिवाणी." फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे, हे मी, विज्ञानाचा मास्तर, त्यांना सांगतोय! अर्ज घेतला, पोच द्यायला तीन चकरा. बँकेत गेलो तर "व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय." सायबरच्या फोनवर म्हणाले, माणूस घरी आला होता म्हणजे हे सायबर नाही. पाणी खात्याच्या खिडकीवर फक्त कडकपणाचा आकडा विचारला तर "पाणी पिण्यायोग्य आहे" एवढंच, तीनदा. शेवटी प्रयोगशाळेतून स्वतः तपासून आणलं: लिटरला ५४० मिलिग्रॅम. भारतीय मानकात २०० पर्यंत स्वीकारार्ह, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. तो कागद खिडकीवर ठेवला, तर साहेब खुलले: "बघा, सहाशेच्या आतच आहे!" म्हणजे माझी कॉईल नियमात बसून जळाली.

ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं, वकील नसला तरी चालतं. पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो, आणि पावतीवरच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. त्या दुकानदाराकडे माझ्यासारखे आणखी चार जण येऊन गेलेत. पैसे द्यायच्या आधी पत्त्यावर एक चक्कर मारा, पेट्रोल फार तर शंभराचं जाईल.

तोवर गिझरची कॉईल काढून सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवतो, थर फसफसून निघतो. गिझर ५० अंशांवर ठेवलाय, जास्त तापवलं की चुना जास्त बसतो. एवढंच करायचं होतं.

गेल्या मंगळवारी फोन आला. मुलीचा आवाज, गोड. "सर, तुमच्या वॉटर कंडिशनरची वार्षिक सर्व्हिस ड्यू आहे, १,८०० रुपये." मी रेकॉर्डिंग घेऊन चौकीत पळालो. हवालदारांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "मग बोलवा की त्यांना. आले की फोन करा."

बोलावलंय. रविवारी सकाळी अकरा वाजता येतो म्हणालेत. बायकोने ओट्यावर मिठाची बरणी काढून ठेवली आहे.