बाल्सा की डेप्रॉन? हॉलमधल्या विमानासाठी

चातुर्मासात कोल्हापुरातली मंगल कार्यालयं बरीचशी रिकामी असतात आणि मैदानात चिखल. रिमोटचं हलकं विमान छताखाली उडवायचा हाच हंगाम. पण विमान बांधायचं कशाचं, बाल्सा या हलक्या लाकडाचं की डेप्रॉन या फोमचं?

डेप्रॉन फोमची 3 मिमी शीट चौरस मीटरला साधारण 100 ते 120 ग्रॅम भरते. आराखडा ठेवून ब्लेडने कापली की एका संध्याकाळी सांगाडा उभा. भिंतीला धडकलं तरी चिकटवून पुन्हा उडतं. फक्त साधा सुपरग्लू नको, त्याने फोम विरघळतो.

बाल्साच्या काड्यांवर 2 मायक्रॉनची मायलर, म्हणजे अतिपातळ प्लास्टिकची, फिल्म ताणायची, तर ती फिल्म चौरस मीटरला जेमतेम 3 ग्रॅम! पंख तेवढेच ठेवून एकूण वजन निम्मं केलं, की उडण्याचा वेग सुमारे 30 टक्क्यांनी उतरतो. चालत्या माणसाच्या गतीने खांबांमधून वळणारं विमान बघताना मी अजूनही श्वास रोखतो. मात्र आपल्याकडच्या पावसाळ्यात बाल्सा ओल धरतं, पंख पिळवटतात. डबा घट्ट बंद हवा, आत सिलिका जेल. आणि हो, हॉलचे पंखे आधी बंद करून घ्या.

एका सेलची 3.7 व्होल्टची बॅटरी दोन्हीला चालते. पहिलं विमान डेप्रॉनचंच करा, हात बसला की बाल्सा.