यादी कोरी होती, तरी फोन बंद पडला

वापरलेला फोन घेताना आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, तपासा, असं सगळेच सांगतात. मी तपासला होता. *#०६# दाबल्यावर दिसलेला १५ अंकी क्रमांक, सेटिंगमधला आणि खोक्यावरच्या स्टिकरचा, तिन्ही जुळले. फोन दोन सिमचा, म्हणून क्रमांकही दोन. दोन्ही हरवलेल्या आणि चोरीच्या फोनांच्या यादीत नव्हते. विकणारा स्वतः मूळ मालक. फोनचा विमा अजून चालू आहे, हेही त्यानं कौतुकानं सांगितलं.

काही आठवड्यांनी अचानक नेटवर्क गेलं. सिम जुन्या फोनमध्ये घातलं तर लगेच रेंज आली. दुसऱ्या कंपनीचं सिम या फोनमध्ये घातलं तर तेही गप्प. वायफाय आणि कॅमेरा मात्र ठणठणीत. अशी लक्षणं दिसली की फोन दुरुस्तीला टाकण्याआधी यादी पाहा. मी पाहिली, तर दोन्ही क्रमांकांपुढे ‘हरवलेला’ अशी नोंद! माझ्याकडून पैसे घेऊन साहेबांनी फोन हरवल्याची तक्रार केली होती. विम्याचं ते कौतुक तेव्हा कळलं.

इथे जरा यंत्रणा समजून घ्या. सिमची ओळख वेगळी, फोनची वेगळी. फोन नेटवर्कला जोडला जाताना कंपनी त्याचा आयएमईआय मागू शकते आणि आपल्या नोंदवहीशी ताडून पाहते. क्रमांक काळ्या यादीत असेल तर जोडणी नाकारली जाते. म्हणून सिम बदलून काही होत नाही, आणि फॅक्टरी रीसेटनं तुमचा डेटा पुसला जातो, आयएमईआय नाही. जीएसएमए या जागतिक संघटनेच्या सामाईक नोंदणीतून कंपन्या एकमेकींना असे क्रमांक कळवतात, पण सगळ्याच त्यात भाग घेत नाहीत. चोरीचे फोन सीमेपलीकडे पाठवले जातात ते त्यामुळेच.

या यादीत मालकीची नोंद नसते, फक्त तक्रारींची असते. आज ती कोरी दिसली याचा अर्थ एवढाच की आजवर कुणी तक्रार केलेली नाही. उद्या करायला विकणारा मोकळाच असतो, कारण मूळ बिल त्याच्या नावावर असतं.

शोधाशोध करताना ‘आयएमईआय साफ करून देतो’ म्हणणारेही भेटले. पैसे आधी, काम नंतर. यांच्यापासून लांबच राहा. रीतसर नोंद काढायची तर ज्यानं तक्रार केली त्यानंच ती मागे घ्यावी लागते. हे लोक फार तर फोनमध्ये दुसऱ्याच कुणाचा तरी क्रमांक भरतात, आणि अनेक देशांत तो गुन्हा आहे. असा फोन पुढे कुणाच्या गळ्यात पडेल सांगता येत नाही, म्हणून घेताना एक जास्तीची तपासणी करा: आयएमईआयचे पहिले ८ अंक कंपनी आणि मॉडेल सांगतात. ऑनलाइन तपासणीत क्रमांक टाकल्यावर हातातल्या फोनऐवजी भलतंच मॉडेल आलं तर तिथूनच परत फिरा. शेवटचा अंक आधीच्या १४ अंकांवरून हिशेबानं काढलेला असतो, पण तो टायपिंगची चूक पकडतो, लबाडी नाही. ‘क्रमांक व्हॅलिड आहे’ या उत्तरावर विसंबू नका.

मालकाला फोन केला तर म्हणतो, “मी कुठे विकला? माझा तर हरवला.” तक्रार मागे घ्यायला तयार नाही. मोबाइल कंपनीनं पोलिसांकडे बोट दाखवलं.

तिथे उपयोगी पडले ते कागद. व्यवहार करताना दोन्ही आयएमईआय घातलेली, नाव-सहीची विक्रीपावती करून घ्या, मूळ बिलाची प्रत मागा, पैसे बँकेतूनच द्या आणि चॅट पुसू नका. माझ्या चॅटमध्ये त्यानंच पाठवलेला खोक्याच्या स्टिकरचा फोटो आहे, दोन्ही क्रमांक स्पष्ट दिसणारा. फोटोची आणि पैसे जमा झाल्याची तारीख यादीतल्या ‘हरवल्या’च्या तारखेच्या आधीची आहे. हे सगळं पोलिसांच्या तक्रारीला जोडलंय आणि विमा कंपनीलाही पाठवलंय.