बल्बांचा डिस्चार्जर: नाशिकच्या ऑटो इलेक्ट्रिक दुकानातून करून घेतलेला

जूनमधल्या एका शनिवारी रात्री मी सहाही बॅटऱ्या पूर्ण भरून ठेवल्या आणि रविवारी पहाटे जो पाऊस लागला तो चार दिवस थांबलाच नाही. मॉडेल विमानं उडवणाऱ्यांच्या घरी हे दर पावसाळ्यात होतं. विमान कपाटावर चढतं आणि भरलेल्या लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या, म्हणजे आमचे पॅक, तशाच राहतात. एका पॅकमध्ये तीन-चार सेल एकामागे एक जोडलेले असतात. सेलमागे ४.२० व्होल्टवर ठेवलेली लिपो आतून हळूहळू बिघडत जाते. वायू तयार होऊन पॅक फुगतो, अंतर्गत रोध वाढतो आणि मग टेकऑफला विमान जोर धरत नाही. ठेवायची तर सेलमागे ३.८० ते ३.८५ व्होल्टवर.

माझ्या चार्जरला स्टोरेज मोड आहे, म्हणजे तो जास्तीची वीज काढून पॅक त्या व्होल्टवर आणतो, पण डिस्चार्जची ताकद फक्त ५ वॅट. ३ सेलच्या २२०० एमएएचच्या पॅकमध्ये साधारण २४ वॅट-तास असतात. त्यातले १४ काढायचे म्हणजे पावणेतीन तास गेले. माझे असे चार पॅक आणि ४ सेलचे दोन, म्हणजे सगळे मिळून जवळजवळ एकोणीस तास. लिपो चार्जरला लावून झोपायचं नाही हा आमच्या घरचा नियम, त्यामुळे रात्र हिशेबात धरताच येत नव्हती.

म्हणून ही वीज बल्ब पेटवून संपवायची ठरवली. नाशिकमधल्या द्वारकेच्या बाजूला रिक्षा-टेम्पोची वायरिंग करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे गेले. म्हटलं, ‘काका, इंडिकेटरचे चार बल्ब एका पट्टीवर बसवून द्या, १२ व्होल्ट २१ वॅटचे.’ ते म्हणाले, ‘ताई, गाडी कुठली?’ विमान म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, पण काम मन लावून केलं. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर चार होल्डर, जाड वायर आणि मी नेलेले दोन पिवळे एक्सटी-६० कनेक्टर. एका कनेक्टरवर दोन बल्ब समांतर, ते ३ सेलसाठी. दुसऱ्यावर उरलेले दोन एकामागे एक, ते ४ सेलसाठी, कारण पूर्ण भरलेल्या ४ सेलचे १६.८ व्होल्ट एकट्या बल्बला झेपत नाहीत. सगळे मिळून ३८० रुपये. जोड एकमेकांना टेकून शॉर्ट होऊ नयेत म्हणून सोल्डरच्या प्रत्येक डागावर त्यांनी आपणहून स्लीव्ह चढवली, तीही मी न सांगता. मला त्यांचं हेच सगळ्यात आवडलं.

आता ३ सेलचा पॅक वीस-पंचवीस मिनिटांत खाली येतो. करंट साडेतीन अँपिअरच्या आसपास, २२०० च्या पॅकला तो काहीच नाही. ४ सेलला तासभर लागतो, कारण प्रत्येक बल्बला निम्मेच व्होल्ट मिळतात. एका संध्याकाळी बाल्कनीत बसून सगळे पॅक उरकतात.

उणीव एकच आहे, पण ती मोठी आहे: हा आपणहून बंद होत नाही. पहिल्याच आठवड्यात आईचा फोन आला, मी आत गेले आणि परत आले तेव्हा बल्ब नारिंगी, मिणमिणते झाले होते. सेल मोजले तर २.९, २.६ आणि २.४. लिपो ३ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायची नसते. तो पॅक दोन दिवसांत उशीसारखा फुगला. फार वाईट वाटलं. माझ्या भाचीने पहिलं लँडिंग केलं ते त्याच पॅकवर.

तेव्हापासून बॅलन्स प्लगला (पॅकच्या प्रत्येक सेलची वायर बाहेर आणणारा छोटा प्लग) बझर लावल्याशिवाय बल्ब जोडत नाही. बाजारात १ ते ८ सेलचा छोटा बझर मिळतो, एखादा सेल ठरवलेल्या व्होल्टखाली गेला की तो वाजतो. तो ३.७ वर लावते. लोड असताना, म्हणजे बल्ब पेटलेले असताना, व्होल्टेज दबलेलं असतं. बझर वाजला की काढायचं, दहा मिनिटांनी मोजायचं, ३.८० च्या आसपास आलेलं असतं. काम झालं की बझर मात्र लगेच काढा. तो सगळ्या सेलमधून सारखी वीज घेत नाही, त्यामुळे लावून ठेवला तर पॅकमधला एखादाच सेल रिकामा होतो.

फुगलेला पॅक मी उघड्यावर, फरशीवर ठेवून बल्बांनीच शून्यापर्यंत नेला आणि मग ई-कचऱ्यात दिला. काही जण मिठाच्या पाण्यात बुडवतात. मला ते पटत नाही. कनेक्टर आधी गंजून तुटतात आणि आत वीज तशीच राहते.

बाकीचे पॅक पत्र्याच्या डब्यात, झाकण नुसतं टेकवून, वाळूच्या थरावर ठेवते. झाकण घट्ट लावू नका. आत वायू कोंडला तर डबाच फुटेल.

करून घेणार असाल तर दुकानात सिंगल कॉन्टॅक्ट बल्ब मागा. स्टॉप-टेलचा, म्हणजे ब्रेक आणि मागच्या दिव्याचा, दोन फिलामेंटचा नको, आणि एलईडी तर मुळीच नको, तो फारच थोडी वीज खातो. पट्टी लाकडावर किंवा प्लास्टिकवर ठेवू नका, २१ वॅटच्या काचेने बोट भाजतं. मी पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे, दोन्ही वायरींवर ५ अँपिअरचा फ्यूज बसवून घ्यायला. काकांनी तो आधीच काढून ठेवलाय.