रोज थोडे की दोन दिवस भरगच्च: उन्हाळ्याच्या सुट्टीतली प्रॅक्टिस

मानसोपचाराची खासगी प्रॅक्टिस करणाऱ्या थेरपिस्टला पगारी रजा नसते आणि मुलांच्या शाळेला मात्र उन्हाळ्यात लांबलचक सुट्टी असते, हे या लेखाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. सुट्टीभर काम बंद ठेवण्याचा मार्ग मी सुरुवातीलाच बाजूला ठेवते. तो बहुतेकींना परवडत नाही, आणि परवडला तरी क्लायंटबरोबरच्या कामात पडलेला खंड भरून काढायला नंतर बराच वेळ जातो. आठवड्यातले सहा दिवस रुग्णांना भेटणाऱ्या, मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनीसुद्धा १९१३ मध्ये लिहून ठेवले आहे की, रविवारच्या विश्रांतीनंतर सोमवारी कामावर जे 'कवच' धरते त्याविषयी आपण थट्टेने बोलत असू; थोड्याशा खंडानेही काम जरा झाकोळते, असा त्याचा अर्थ. एका दिवसाने एवढे होत असेल, तर कित्येक आठवड्यांच्या खंडाची कल्पना करता येईल.

उरतात दोन मार्ग. एक म्हणजे सोमवार ते शुक्रवार रोज सकाळी घरूनच दोन किंवा तीन ऑनलाइन सत्रे घ्यायची आणि उरलेला दिवस मुलांना द्यायचा. दुसरा म्हणजे आठवड्यातले दोनच दिवस घराबाहेर भाड्याने घेतलेल्या खोलीत पूर्ण वेळ काम करायचे आणि बाकीच्या दिवशी प्रॅक्टिसला हात लावायचा नाही. पहिला उन्हाळा मी पहिल्या पद्धतीने काढला, तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. त्यानंतरचे दोन उन्हाळे दुसऱ्या पद्धतीने काढले. दोन्ही वेळा आठवड्याची सत्रे साधारण बाराच होती, त्यामुळे तुलना अगदीच अन्यायाची होणार नाही, असे मला वाटते.

कागदावर पहिली पद्धत सहज जिंकते. खोलीचे भाडे वाचते, प्रवास वाचतो, क्लायंटचे ठरलेले वार फारसे हलवावे लागत नाहीत आणि दुपारचे जेवण मुलीबरोबर होते. उन्हाळ्यात क्लायंटही गावाला जातात, त्यांच्याही मुलांना सुट्ट्या असतात, सत्रे ऐनवेळी रद्द होतात. घरी असताना असे रद्द झालेले सत्र म्हणजे अवचित मिळालेला एक तास असतो. बाहेरच्या खोलीत तोच तास भाडे भरून रिकाम्या खुर्चीसमोर बसण्यात जातो, शिवाय घरी मुलीला सांभाळणाऱ्या ताईंचे पैसेही चालूच राहतात. या एका मुद्द्यावर दुसऱ्या पद्धतीची बाजू मी मांडू शकत नाही.

असे असूनही मी पहिली पद्धत सोडली, त्याचे कारण सांगायला थोडे ओशाळवाणे वाटते. मुलीने मला कधीच त्रास दिला नाही. उलट तिने नियम इतका चोख पाळला की त्या चोखपणानेच घात झाला. सत्र पन्नास मिनिटांचे असते आणि त्यानंतरची दहा मिनिटे आईची असतात, हे तिला दुसऱ्याच दिवशी समजले. मग नऊच्या सत्रात दहाला बारा मिनिटे कमी असताना दाराबाहेर तिची पावले वाजू लागायची. ती दार वाजवत नसे, हाक मारत नसे. नुसती उभी राहायची, आणि दाराखालच्या फटीत तिची सावली मला दिसायची.

आता आपल्या कामातली गंमत, किंवा अडचण म्हणा, अशी की, क्लायंट चाळीस मिनिटे आठवड्याच्या हालहवालाविषयी बोलतो आणि खरी गोष्ट निघता निघता, दाराच्या मुठीवर हात ठेवल्यासारखी, शेवटच्या चार मिनिटांत सांगतो. ती ऐकायला थेरपिस्टला बूड टेकून बसावे लागते. मला मात्र त्याच चार मिनिटांत ती सावली दिसत असे. माझे वाक्य थोडे लवकर संपू लागले. 'हे आपण पुढच्या वेळी नीट पाहू' हे मी पूर्वीपेक्षा जास्त वेळा म्हणू लागले. हेडफोनचा काही उपयोग नव्हता, कारण तिची चाहूल क्लायंटला लागतच नव्हती, ती मला लागत होती. किती वेळा असे झाले याचा हिशेब मी ठेवला नाही, पण तिसऱ्या आठवड्यात एका क्लायंटने हळूच विचारले, "आज तुम्हाला घाई आहे का?" त्या प्रश्नाचे खरे उत्तर मला देता आले नाही.

सत्रांच्या नोंदींचेही तसेच झाले. मधली दहा मिनिटे मुलीची असल्यामुळे नोंदी रात्री लिहायच्या, आणि रात्रीपर्यंत कोणाचे कोणते वाक्य हे पुसट झालेले असायचे.

मुलीच्या बाजूनेही हिशेब जुळत नव्हता. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक विनिकॉट यांनी १९५८ मध्ये मांडलेली एक कल्पना माझ्या मनात होती: मूल एकटे राहायला शिकते ते आई जवळ असताना, तिच्या निवांत उपस्थितीत. घरून काम केले की हेच आपोआप घडेल, अशी माझी भाबडी समजूत होती. परंतु बंद दारामागची आई ही जवळही नसते आणि गेलेलीही नसते. एके सकाळी मुलीने विचारले, "आज तू घरी आहेस की खोलीत आहेस?" वास्तविक त्या दोन ठिकाणांत एका भिंतीचे अंतर होते.

दोन भरगच्च दिवसांची पद्धत यापेक्षा सोपी आहे, असा दावा मी करणार नाही. सहा सत्रांच्या दिवशी पाचव्यापासून माझे कान जड होतात, म्हणून ज्यांचे काम नाजूक टप्प्यावर आहे त्यांना मी सकाळीच बोलावते. चार दिवसांच्या खंडानंतर मंगळवारच्या पहिल्या सत्रात ते फ्रॉइडचे कवच क्लायंटपेक्षा माझ्यावरच जास्त धरलेले असते. त्या दोन संध्याकाळी माझ्याजवळची सहनशीलता खर्च झालेली असते आणि मुलीच्या वाट्याला बरीचशी मुकी आई येते. वार बदलताना पहिल्या वर्षी दोन क्लायंटचे जुळले नाही. एकाने सुट्टीपुरते थांबायचे ठरवले, दुसऱ्याला मी सहकाऱ्याकडे पाठवले. कामाच्या दिवसांखेरीज तातडीचा फोन आला तर काय करायचे, हेही आधी ठरवून, क्लायंटला स्पष्ट सांगून ठेवावे लागते.

पण खोलीचे दार लागले की त्याखाली सावली नसते. शेवटची चार मिनिटे क्लायंटची राहतात आणि नंतरची दहा माझ्या वहीची. मुलीलाही मंगळवारी आणि गुरुवारी आई नाही हे इतके पक्के ठाऊक झाले आहे की, बाकीच्या दिवशी ती माझ्याकडे पाहून घड्याळाकडे वळत नाही.

ज्यांचे बाळ अजून अंगावर पिते त्यांना सलग आठ तास बाहेर राहणे कठीण जाईल, त्यांनी पहिल्याच पद्धतीचा विचार करावा. मात्र दोन सत्रांत दहाऐवजी तीस मिनिटे ठेवावीत आणि दाराबाहेर दुसरे मोठे माणूस असावे. घराच्या भिंती पातळ असतील तर तीही पद्धत बाद समजावी, कारण इकडचे शब्द तिकडे जाणे हा गोपनीयतेचा प्रश्न आहे, आणि मूल गमावल्याच्या दुःखातून जाणाऱ्या क्लायंटच्या कानावर तिकडची खिदळणारी हाक पडणे हाही काही किरकोळ प्रश्न नाही.

दुसरी पद्धत निवडलीत तर बदलाची सूचना निदान सहा आठवडे आधी, आणि संदेश न पाठवता सत्रातच द्यावी, असे मी सुचवेन. पहिल्या वर्षी मी तीन आठवडे आधी दिली आणि त्यातून उमटलेली नाराजी बोलून मोकळी व्हायच्या आतच सुट्टी सुरू झाली. मुलगी आता नऊ वर्षांची आहे. ती पंधरा-सोळाची झाली की कदाचित मी पुन्हा रोज सकाळच्या पद्धतीकडे वळेन. तोपर्यंत दाराबाहेर येऊन उभे राहणारे कोणी उरलेले नसेल.