नेम खेळाडूचाच: बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या बोलिंग प्रशिक्षण-स्पर्धा व्यवस्थेचे परीक्षण

बौद्धिक दिव्यांग खेळाडूंना टेनपिन बोलिंग, म्हणजे चेंडू घरंगळवून समोरच्या दहा पिना पाडण्याचा खेळ, शिकवण्याची आणि त्यांच्या स्पर्धा भरवण्याची जी व्यवस्था स्पेशल ऑलिम्पिक्स या संस्थेने उभी केली आहे, तिचे हे परीक्षण आहे. युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकाराने 1968 साली शिकागोच्या सोल्जर फील्डवर या संस्थेचे पहिले आंतरराष्ट्रीय सामने झाले. 2023 साली बर्लिनला झालेल्या जागतिक उन्हाळी सामन्यांत बोलिंगलाही स्थान होते. नियम, प्रशिक्षणाची पद्धत, साहित्य, स्पर्धेतील गट आणि बोलिंग सेंटरकडून लागणारे सहकार्य या सगळ्यांची मिळून ही व्यवस्था बनते. प्रशिक्षक म्हणून तिच्यातला प्रत्येक भाग तपासताना मी एकच प्रश्न विचारतो: येथे निर्णय कोण घेतो आहे, खेळाडू की त्याच्या भल्यासाठी धडपडणारे दुसरे कोणी? या प्रश्नावर ही व्यवस्था बहुतेक ठिकाणी उत्तम उतरते, आणि जेथे ती कमी पडते तेथे दोष बहुधा नियमांचा नसून ते राबवणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घाईचा असतो.

या खेळाडूंना बोलिंग इतके जमते आणि आवडते यामागे खेळाच्या रचनेतलीच कारणे आहेत. फाउल लाइनपासून, म्हणजे चेंडू सोडताना जी ओलांडायची नसते त्या रेषेपासून, पहिल्या पिनेपर्यंतचे अंतर नेहमी 60 फूट असते, चेंडू जिच्यावरून जातो ती पट्टी म्हणजे लेन साधारण साडेतीन फूट रुंद असते आणि दहा पिना दर वेळी त्याच त्रिकोणात उभ्या राहतात. समोरून कोणी धावून येत नाही, चेंडू कोणी हिसकावून घेत नाही आणि आपली पाळी आल्यावर तयार व्हायला पुरेसा वेळ मिळतो. ज्याला एकाच वेळी अनेक सूचना पाळणे अवघड जाते, त्याला ही स्थिरता मोठा आधार देते. शिवाय केलेल्या कृतीचे फळ दोन-चार सेकंदांत डोळ्यांसमोर दिसते, आणि ते समजायला भाषा लागत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या काही जणांमध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा अस्थिर असतो, त्यामुळे मानेवर ताण आणणारे काही क्रीडाप्रकार त्यांना धोक्याचे ठरतात. बोलिंग त्या यादीत येत नाही, ही पालकांना मोठा दिलासा देणारी गोष्ट आहे. आठव्या वर्षापासून स्पर्धेत उतरता येते आणि वयाला वरची मर्यादा नसल्यामुळे शाळा सुटल्यावर घरी बसावे लागलेल्या प्रौढांनाही येथे जागा आहे.

या व्यवस्थेतला सर्वांत विचारपूर्वक घडवलेला भाग मला रॅम्पच्या नियमांत दिसतो. ज्यांना चेंडू उचलून सोडणे शक्य नाही, ते उतरत्या नळ्यांच्या घडवंचीवरून तो लेनवर ढकलतात. यात दोन वर्ग आहेत: स्वतः रॅम्प लावून नेम धरणारे आणि त्यासाठी सहाय्यक घेणारे. दुसऱ्या वर्गात सहाय्यकाने पिनांकडे पाठ करूनच उभे राहायचे असते. कागदावर ही एक बारीकशी अट वाटते, पण लेनवर तिचा अर्थ उलगडतो. व्हीलचेअरवर बसलेली खेळाडू समोर पिना पाहत असते आणि सहाय्यक फक्त तिच्याकडे. ती बोट जरासे डावीकडे नेते, सहाय्यक रॅम्पचे टोक लेनवरच्या एका अरुंद फळीएवढे सरकवतो. ती मान हलवते, म्हणजे जास्त झाले. टोक अर्ध्या फळीएवढे मागे येते. मग ती तळहात स्थिर धरते आणि चेंडू ढकलते. उजवीकडची एकच पिन उरली असली तरी सहाय्यकाला ती दिसत नसते, त्यामुळे नकळत तिच्या वतीने नेम धरण्याची सोयच त्याला उरत नाही. मदत पूर्ण मिळते आणि निर्णय मात्र हलत नाही, असे फार थोडे नियम मी कोणत्याही खेळात पाहिले आहेत.

रॅम्प निवडताना आणि वापरताना काही गोष्टी पाहाव्यात. त्याची उंची व्हीलचेअरवर बसलेल्याच्या मांडीशी जुळली पाहिजे, नाहीतर ढकलताना खांदा वर उचलला जातो आणि चेंडू एका बाजूला झुकतो. पायांना रबर हवे, कारण गुळगुळीत ॲप्रोचवर, म्हणजे फाउल लाइनच्या अलीकडच्या जागेवर, रॅम्प एक सेंटिमीटर सरकला तरी 60 फुटांवर नेम पूर्ण चुकतो. चेंडू ठेवताना बोटांची भोके दर वेळी एकाच दिशेला, शक्यतो घरंगळण्याच्या रेषेपासून बाजूला ठेवावीत. ती रेषेत आली तर चेंडू ठेचकाळल्यासारखा जातो आणि खेळाडूला आपला नेम चुकला असे वाटते. रॅम्पवर चेंडू उचलण्याचा प्रश्न नसल्यामुळे वजनदार चेंडू घ्यायला हरकत नाही, किंबहुना तोच घ्यावा, कारण हळू जाणारा हलका चेंडू पहिल्याच पिनेला लागून भरकटतो. तरीही तो लेनवर मध्येच थांबला, तर आणायला कोणीही पुढे जाऊ नये. लेनवर तेलाचा थर असतो, त्यावर पाय घसरतोच. अशा वेळी सेंटरच्या तंत्रज्ञालाच बोलवावे.

ज्यांच्या हातात बळ आहे पण बोटांची पकड नाही, त्यांच्यासाठी सुटताच आत जाणाऱ्या मुठीचा चेंडू मिळतो. तो चांगला पर्याय आहे आणि बऱ्याच जणांना रॅम्पपासून दूर ठेवतो. तरीही हा चेंडू आणण्याआधी साधा चेंडू नीट बसतो का हे पाहावे. डाउन सिंड्रोममध्ये बोटे आखूड आणि सांधे सैल असतात, त्यामुळे सेंटरमध्ये पडून असलेल्या चेंडूंच्या भोकांमधले अंतर त्या हातांना हमखास जास्त होते. खेळाडू चेंडू घट्ट आवळून धरतो, सोडायला उशीर होतो आणि आपण मात्र 'लक्ष देत नाही' असा शेरा मारतो. शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा चेंडू घ्यावा हा रूढ ठोकताळा आहे. स्नायू ढिले असतील तर त्याहूनही हलका घ्यावा, आणि अंगठा घासल्याशिवाय सहज बाहेर येतो का हीच खरी कसोटी मानावी.

शिकवण्याच्या क्रमाबाबत संस्थेची प्रशिक्षण-पुस्तिका कौशल्याचे लहान तुकडे करायला सांगते आणि आठ आठवड्यांचा आराखडा देते. हा आराखडा उपयोगी आहे, पण तो पहिल्या पानापासून ओळीने राबवू नये असे माझे ठाम मत आहे. चार पावलांची चाल आधी आणि चेंडू सोडणे शेवटी असा क्रम ठेवला, तर खेळाडू चालण्याचा विचार करता करता चेंडूच विसरतो. उलट दिशेने शिकवावे: आधी फाउल लाइनजवळ उभे राहून नुसता हात झुलवून चेंडू सोडणे, मग एक पाऊल सरकून सोडणे, आणि ते अंगवळणी पडल्यावरच मागची पावले जोडणे. अशाने प्रत्येक प्रयत्नाचा शेवट पिना पडण्यात होतो आणि आधीचे शिकलेले वाया जात नाही. सूचना एका वेळी एकच द्यावी, तीही दोन शब्दांची आणि सर्व प्रशिक्षकांच्या तोंडी तीच. एक जण 'हात सरळ' म्हणतो आणि दुसरा 'मनगट वळवू नको' म्हणतो, तेव्हा दोघांना एकच गोष्ट सांगायची असते, पण ऐकणाऱ्याला दोन कामे लागतात. नेम शिकवताना दूरच्या पिनांकडे बघायला न सांगता लेनवर सुमारे 15 फुटांवर कोरलेल्या बाणांपैकी एक ठरवून द्यावा. बाण जवळ असतो, स्थिर असतो आणि चेंडू त्यावरून गेला की नाही हे खेळाडू स्वतः सांगू शकतो.

बंपरविषयी, म्हणजे लेनच्या कडांना चेंडू अडवण्यासाठी लावायच्या कठड्यांविषयी, पालकांचा आग्रह मला समजतो. चेंडू एकामागून एक गटरमध्ये, म्हणजे लेनच्या बाजूच्या पन्हळीत, जाताना बघणे कोणालाच सोसवत नाही. पहिल्या काही सत्रांत ते जरूर लावावेत. पण त्यांच्या आधाराने मिळालेल्या गुणांवरून सरासरी काढता येत नाही, आणि आपटून का होईना, पिना पडतातच हे एकदा कळले की बाणाकडे बघण्याचे कारण उरत नाही. त्यामुळे सत्राच्या शेवटच्या एक-दोन फ्रेम (एका डावातल्या दहा पाळ्यांपैकी प्रत्येक म्हणजे एक फ्रेम) बंपर खाली करून खेळवाव्यात आणि खेळाडूची तयारी दिसेल तशा त्या वाढवत न्याव्यात.

आता स्पर्धेविषयी. येथे खेळाडूंचे गट लिंग, वय आणि कौशल्य पाहून पाडले जातात, एका गटात किमान तीन आणि जास्तीत जास्त आठ स्पर्धक असतात, आणि गटातील सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या खेळाडूच्या गुणांत साधारण 15 टक्क्यांपेक्षा जास्त अंतर नसावे असा दंडक मार्गदर्शनापुरता ठेवला आहे. म्हणजे डावाला 120 गुणांची सरासरी असलेल्या खेळाडूसमोर साधारण 102 पर्यंतचेच प्रतिस्पर्धी येतात. पहिल्या तिघांना पदके आणि पुढच्यांना रिबिनी मिळतात, त्यामुळे प्रत्येक जण स्थान घेऊनच बाहेर पडतो. 40 सरासरीच्या खेळाडूलाही खरी चुरस अनुभवायला मिळते, हारण्याची शक्यताही खरी असते आणि जिंकणे कोणी दान केलेले नसते. ही रचना मला मनापासून पटते.

बोलिंगच्या बाबतीत मात्र त्यातली एक अडचण आयोजकांनी ध्यानात घ्यायला हवी. कमी सरासरीच्या खेळाडूंचे गुण एका फ्रेमने पालटतात. समजा सरासरी 50 असलेल्या मुलाला एका फ्रेममध्ये एरवी 5 गुण मिळतात. तेथे स्ट्राइक बसला, म्हणजे पहिल्याच चेंडूत दहाही पिना पडल्या, आणि पुढच्या फ्रेममध्ये स्पेअर, म्हणजे दोन चेंडूंत मिळून दहाही पडल्या, तर पहिल्या फ्रेमचेच 20 गुण होतात. 15 गुणांची ही वाढ त्याच्या सरासरीच्या 30 टक्के झाली. अशा वेळी तो गटात बसत नाही असे म्हणणे किंवा आधी मुद्दाम कमी खेळला असा संशय घेणे अन्यायाचे होईल. म्हणून गट पाडताना स्पर्धेच्या सकाळच्या दोन-चार फ्रेमवर विसंबू नये, प्रशिक्षणातल्या अनेक डावांची नोंदलेली सरासरी मागावी, आणि प्रशिक्षकांनी ती वही पहिल्या दिवसापासून प्रामाणिकपणे ठेवावी. हे काम कंटाळवाणे आहे आणि बहुतेक ठिकाणी दुर्लक्षित राहते. माझ्या मते संपूर्ण आयोजनात स्वयंसेवकांचा सर्वांत मोलाचा वेळ येथेच लागावा.

गुण मोजण्याच्या पद्धतीवर मी सर्वांत जास्त अडतो. पारंपरिक पद्धतीत स्ट्राइकला 10 आणि पुढच्या दोन चेंडूंचे गुण, स्पेअरला 10 आणि पुढच्या एका चेंडूचे गुण मिळतात. म्हणजे सगळ्या पिना पाडल्यावर चौकटीत आकडा लगेच येतच नाही, आणि चार पिना पाडणाऱ्याला मात्र लगेच 4 दिसतो. उत्तम खेळ केल्यावर पडदा कोरा का राहिला, हा प्रश्न खेळाडू डोळ्यांनी विचारतात. आंतरराष्ट्रीय महासंघाने 2014 च्या सुमारास जी दुसरी पद्धत आणली, तिच्यात स्ट्राइकचे थेट 30 आणि स्पेअरचे 10 अधिक त्याच फ्रेममधल्या पहिल्या चेंडूचे गुण धरतात. आधी 7 पाडून उरलेल्या 3 पाडल्या तर तेथल्या तेथे 17. कमाल गुण 300 च राहतात. प्रशिक्षणात पडद्यावर पारंपरिक गुण चालू ठेवून शेजारी फलकावर ही पद्धत वापरावी, कारण आपल्या खेळाची किंमत त्याच क्षणी कळणे हा खेळाडूचा हक्क आहे आणि त्यावरच पुढच्या चेंडूचा निर्णय तो घेत असतो. स्पर्धेतल्या प्रवेशासाठी लागणारी सरासरी अर्थातच पारंपरिक पद्धतीने काढावी.

सेंटरकडून अपेक्षा थोड्या आहेत, पण त्या आधी बोलून घ्याव्यात. लुकलुकणारे दिवे आणि मोठे संगीत बंद ठेवावे. अपस्माराचा त्रास असलेल्यांसाठी आणि स्वमग्न खेळाडूंसाठी हे आवश्यक आहे. बसण्याच्या जागेपासून ॲप्रोचपर्यंत एखादी पायरी असते, तेथे उतार हवा. रॅम्पवर खेळणाऱ्याला सलग तीन फ्रेमपर्यंत खेळू देण्याची मुभा आहे, म्हणजे रॅम्प दर पाळीला हलवावा लागत नाही. संगणकावर हा क्रम कसा बसवायचा हे सेंटरच्या कर्मचाऱ्याला ठाऊक असल्याची खात्री करावी, नाहीतर एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर चढतात. एका लेनवर चारांपेक्षा जास्त खेळाडू ठेवू नयेत. पाळीची वाट पाहण्यात वेळ गेला की शिकलेले निसटते आणि हाताची लयही.

दिव्यांग खेळाडू आणि सहखेळाडू मिळून खेळण्याचा युनिफाइड प्रकार नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी आवर्जून सुचवेन, मात्र सहखेळाडू निवडताना त्याचा खेळ खेळाडूच्या जवळपासचा असावा. 180 सरासरीचा जोडीदार दिला की संघ जिंकतो आणि खेळाडू बघत राहतो. बहीण, भाऊ किंवा शेजारचा मित्र, ज्याला स्वतःलाही स्पेअर अजून नीट जमत नाही, तो बहुतेक वेळा अधिक चांगला जोडीदार ठरतो, कारण उरलेल्या पिनेकडे कसे जायचे हे दोघांनाही एकमेकांना विचारावे लागते.

एकूण पाहता, ज्या संस्थेकडे फक्त दोन लेन, तीन-चार स्वयंसेवक आणि महिन्याचे मोजके तास आहेत, तिनेही हा कार्यक्रम निःशंकपणे हाती घ्यावा. पहिल्या खर्चात रॅम्प आणि हलक्या, लहान पकडीच्या चेंडूंना अग्रक्रम द्यावा. गणवेश, पदके आणि फलक नंतर करता येतात. स्वयंसेवकांना पहिल्याच दिवशी पिनांकडे पाठ करून उभे राहायला लावावे आणि खेळाडूच्या बोटाच्या खुणेवर रॅम्प सरकवण्याचा सराव त्यांच्याकडून, आपापसांत भूमिका बदलून, करून घ्यावा.