पुणे ते रत्नागिरी किनाऱ्याकिनाऱ्याने: दोघांनी स्वतः आखलेल्या कोकण ट्रिपचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते मग बाकीचं. कोकणात दोघंच जाणार असाल आणि स्वतःची गाडी असेल तर पॅकेज घेऊ नका, स्वतः आखा, आणि आखताना हॉटेलच्या आधी भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघा. या ट्रिपमध्ये जे जे मस्त झालं ते सगळं पाण्याची वेळ साधल्यामुळे झालं. टूरवाले सकाळी नऊला नाश्ता आणि दहाला साइटसीइंग असं सरसकट ठरवतात, समुद्र काही त्यांच्या वेळेने चालत नाही.

आमचा रूट असा, पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर, तिथून बागमांडला-वेश्वी फेरीबोटीने पलीकडे बाणकोटच्या बाजूला, मग वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड, दाभोळला दुसरी फेरी, धोपावे, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळला तिसरी फेरी, जयगड, मालगुंड, गणपतीपुळे आणि आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी. तीन खाड्या म्हणजे तीन नद्या, सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री. मुंबई-गोवा हायवेला जवळजवळ हातच लावायचा नाही असं नवऱ्याने आधीच सांगितलं होतं आणि ते खरंच जमलं, माणगावला तेवढा तो लागतो.

तर भरतीचं. हरिहरेश्वरला आम्ही ज्यांच्या घरी उतरलो त्या काकूंनी रात्री जेवताना विचारलं, "उद्या प्रदक्षिणा करणार ना? मग नऊच्या आसपास निघा." मी मोबाइलवर टाइड बघत होते, तिथेही तेच आलं, म्हटलं काकू तुम्हाला कसं कळलं, तर म्हणाल्या, "अगं उद्या चतुर्थी. चार पाऊणे तीन. तीनला पूर्ण भरती, म्हणजे नवाला पूर्ण ओहोटी." तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते, आणि पौर्णिमा-अमावास्येनंतर परत एकपासून मोजायचं. रोज भरती पाऊण-एक तास पुढे सरकते त्याचा हा हिशोब आहे आणि किनाऱ्यावरच्या माणसांना तो तोंडपाठ असतो. आम्ही पुढची सगळी ट्रिप यावर केली, रेंज नसेल तिथे पण चालतं हे.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा म्हणजे देवळाच्या मागे डोंगराला वळसा घालून खाली समुद्राच्या खडकांवरून जायची वाट. पाण्याने खडक असे कोरलेत की मधाच्या पोळ्यासारखी भोकं भोकं दिसतात. ओहोटीला निवांत होते, भरतीला मात्र अजिबात जाऊ नका, लाट अचानक येते आणि तिथे माणसं गेलेली आहेत, पाट्याही लावल्यात त्या वाचा. आधी काळभैरव मग हरिहरेश्वर असं दर्शन घ्यायची पद्धत आहे.

आता फेरीबोटीबद्दल, कारण माझ्या मते या ट्रिपची सगळ्यात भारी सर्व्हिस तीच. सुवर्णदुर्ग शिपिंगने २००३ साली दाभोळ-धोपावे सुरू केली आणि मग बाकीच्या खाड्यांवर वाढवली. ही नसती तर दाभोळहून गुहागरला जायला वर चिपळूणला जाऊन परत खाली यायचं, शंभरेक किलोमीटर आणि घाटाचे रस्ते, आणि इथे दहा मिनिटांत पलीकडे. रॅम्पवरून गाडी आत घ्यायची, पोरं हात करून करून इंच इंच लावून घेतात, हँडब्रेक ओढून गिअरमध्ये ठेवायची आणि खाली उतरून कठड्याशी उभं राहायचं. आमच्याबरोबर कॉलेजची पोरं, माशांच्या टोपल्या घेतलेल्या बायका, एक एसटीतून उतरलेलं म्हातारं जोडपं असे सगळे होते, म्हणजे ही टुरिस्टसाठी केलेली गंमत नाहीये, लोकांचं रोजचं येणं-जाणं आहे यावर. सुट्टीच्या दिवशी रांग लागते म्हणून सकाळची फेरी पकडा, आणि शेवटची फेरी कधी आहे ते त्या दिवशीच विचारून घ्या, कारण चुकली तर सगळा वळसा नशिबी. रेवस-रेडी सागरी मार्गावर या खाड्यांवर पूल होणार आहेत, गावातल्या लोकांसाठी ते व्हायलाच हवेत, रात्री-अपरात्री पेशंट न्यायचा तर फेरीच्या भरवशावर कसं राहणार. पण फिरणाऱ्याने पूल व्हायच्या आत एकदा तरी या बोटींनी जाऊन यावं असं मला मनापासून वाटतं.

वेळासला आम्ही कासवांसाठी थांबलो. ऑलिव्ह रिडले कासवं इथल्या वाळूत अंडी घालतात, पूर्वी ती चोरीला जायची, कोल्हे-कुत्रे खायचे, २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन संरक्षण सुरू केलं. घरटी उकरून अंडी कुंपणाच्या आत हलवतात, तिथे तसाच खड्डा करून पुरतात, साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि सकाळी नाहीतर संध्याकाळी ती समुद्राकडे सोडतात. संध्याकाळी काहीच नव्हतं, घरट्यावर झाकलेली टोपली उचलली तर खाली नुसती वाळू, पण सकाळी उजाडता उजाडता गेलो तर पिल्लं वर आलेली. दोरीच्या मागे आम्ही सगळे गप्प उभे, आणि ती एवढीशी काळी पिल्लं वाळूवरून सरपटत निघाली, एक लाट आली की चार पावलं मागे, परत चालायला लागायची. माझ्या डोळ्यात पाणी आलं आणि नवऱ्याच्याही, सांगायला मला काही वाटत नाही. फेब्रुवारी ते एप्रिल हा सीझन, पण निघायच्या आधी गावात फोन करून पिल्लं येतायत का विचारून घ्या, पिल्लं दिसणारच अशी गॅरंटी नसते आणि कुणी देत असेल तर ती खोटी.

वेळासची राहायची सोय म्हणजे गावातली घरं. आम्हाला मिळालं ते कौलारू घर, शेणाने सारवलेलं अंगण, मागे माडा-पोफळीची वाडी, आंघोळीला बंबातलं पाणी, बाथरूम मागच्या अंगणात. एसी नाही, टीव्ही नाही, गादी साधी पण चादर स्वच्छ धुतलेली. ज्यांना कमोड आणि रूम सर्व्हिस हवी त्यांनी इथे येऊन तोंड वाकडं करू नये, त्यांनी सरळ दापोलीत राहावं. जेवण मात्र असं की मी अजून त्याबद्दल बोलते. ओल्या काजूगरांची उसळ, तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी, आणि सकाळी घावनं नारळाच्या चटणीबरोबर. काजूगरांचा सीझन फेब्रुवारी-मार्चचाच, तेव्हा जाणार असाल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा कारण ते सोलायला हाताची साल निघते, चीक लागतो, ऐनवेळी कुणी करून देऊ शकत नाही. मोदकांचंही तसंच. दोघांचं राहणं-जेवण मिळून एखाद्या बऱ्या हॉटेलच्या नुसत्या खोलीपेक्षा कमी झालं. घासाघीस करू नका प्लीज, चार महिन्यांच्या सीझनवर त्यांचं वर्ष असतं.

केळशीला वाळूची मोठी टेकडी आहे ती बघा, आणि तिथून आंजर्ल्याला जाताना आडे-पाडल्याचा रस्ता समुद्राला इतका लागून जातो की आम्ही गाडी चालवण्यापेक्षा थांबलोच जास्त. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती उजव्या सोंडेचा, वरून सुवर्णदुर्ग दिसतो.

हर्णैला संध्याकाळी माशांचा लिलाव चुकवू नका. बोटी बाहेर उभ्या राहतात, होड्यांतून मासे किनाऱ्यावर येतात, बैलगाड्याही पाण्यात घालतात, आणि वाळूवर ढीग लावून बोली सुरू. सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबी, वास सहन होत नसेल तर लांबूनच बघा. आम्ही मासे घेतले आणि मुरुडला एका घरगुती खानावळीत करून घेतले, वहिनींनी आधी मासा हातात घेऊन कल्ला उचलून बघितला आणि "बरा मिळालाय" म्हणाल्या तेव्हा बरं वाटलं. बांगड्याचं तिखलं केलं त्यांनी, त्रिफळं घालून. दहा पैकी दहा.

मुरुडच्या राहण्याला मात्र कमी मार्क. समुद्राला लागून म्हणून एक रिसॉर्ट ऑनलाइन बुक केलं होतं, फोटोत खिडकीतून समुद्र, प्रत्यक्षात खिडकीसमोर शेजारच्या बांधकामाची भिंत, आणि रात्री अकरापर्यंत स्पीकर. तक्रार केली तर मॅनेजर म्हणाला सी व्ह्यू म्हणजे गच्चीवरून. त्यापेक्षा गावात आत, वाडीतलं घर घ्या, समुद्र चालत पाच मिनिटांवर असतो आणि झोप लागते. अजून एक गोष्ट जी मला फार खटकली, किनाऱ्यावर गाड्या घालणारे लोक. फोटोसाठी ओल्या वाळूत एसयूव्ही नेतात, रुतली की ट्रॅक्टर बोलावतात, आणि ज्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात त्याच पट्ट्यात हे चाललेलं असतं. वेळासहून आल्यावर हे बघवत नाही.

सुवर्णदुर्गला हर्णैहून होडी मिळते. षष्ठी होती म्हणजे साडेचारला भरती, साडेदहाला ओहोटी, त्यामुळे आम्ही सकाळी गेलो आणि किल्ल्यापुढे उतरायला वाळू मिळाली, तरी गुडघाभर पाण्यात उडी मारावी लागतेच, चपला हातात घ्या. दरवाजा असा आडोशाला आहे की अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. पायरीवर कासव कोरलंय आणि बाजूच्या तटावर मारुती, दोन दिवस कासवंच डोक्यात होती त्यामुळे मी त्या पायरीपाशी बराच वेळ बसले. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे ठाणं, आणि १७५५ मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या हातून पेशव्यांनी इंग्रजांना बरोबर घेऊन हा घेतला. आपलंच आरमार मोडायला इंग्रजांना बोलावलं, तिथे उभं राहून हे आठवलं की पोटात तुटतं. आत सगळं रान माजलंय, पाणी आणि टोपी बरोबर ठेवा, होडीवाल्याला परत न्यायची वेळ आधी ठरवून द्या.

त्याच दुपारी आसूदचं केशवराज. उन्हातून आलो आणि पोफळींच्या बागेत शिरलो तर एकदम गारवा. खाली ओढ्यावर साकव, मग दगडी पायऱ्या चढत वर, आणि देवळापाशी गोमुखातून अखंड वाहणारं पाणी. मुरुड-हर्णैला जाणारे बरेचजण हे न बघता पुढे जातात, असं करू नका.

गुहागर शांत, सुरूची झाडं, लांबच लांब किनारा, व्याडेश्वराच्या देवळात दगडी गारवा. रात्री कुठेतरी लांबून ढोल ऐकू येत होते, फाकपंचमी होऊन गेली होती, म्हणजे गावोगावी शिमग्याची सुरुवात. पालख्या बाहेर पडल्या की रस्त्यावर गाडी बाजूला घेऊन थांबा, हॉर्न वाजवू नका, पालखीला वाट द्यायची असते.

हेदवीला लोक दशभुज गणपती बघून परततात. खाली समुद्रावर उमामहेश्वराच्या देवळाजवळ बामणघळ आहे, खडकातली अरुंद चीर, भरतीला लाट त्यात घुसते आणि पाण्याचा खांबच्या खांब वर उडतो. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसेल आणि म्हणाल यात काय आहे. आम्ही सप्तमीला गेलो, सात पाऊणे सव्वापाच, बरोबर पाचला पोचलो आणि असं धाडकन पाणी उडालं की नवरा दोन पावलं मागे. काकूंना फोन लावून सांगितलं, त्या खूश. कडेला वाकून बघायला जाऊ नका, खडक निसरडे आहेत.

पुढचं पटकन सांगते. तवसाळ-जयगड फेरी, मालगुंडला केशवसुतांचं घर आणि स्मारक (१८६६ चा जन्म, घर नीट जपलंय, अर्धा तास द्या), गणपतीपुळ्याला सुट्टीच्या दिवशी गर्दी फार म्हणून आम्ही सकाळी लवकर दर्शन घेऊन निघालो, आरे-वारेचा रस्ता वरून दोन्ही किनारे दाखवतो, रत्नागिरीत ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा राजवाडा. इंग्रजांनी राज्य घेऊन इतक्या लांब आणून ठेवलेला राजा, १९१० मध्ये हा वाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच गेला. परत येताना आंबा घाटाने कोल्हापूरकडून आलो, रस्ता चांगला.

थोडक्यात कामाचं, पेट्रोल श्रीवर्धन, दापोली, गुहागर अशा मोठ्या गावात भरून घ्या, कॅश ठेवा कारण रेंज गेली की यूपीआय चालत नाही, मॅप आधी डाउनलोड करा, आणि अंतर कमी दिसलं तरी वेळ दुप्पट धरा, रस्ते अरुंद आहेत आणि वळणावर समोरून एसटी येते. तिथी बघून निघायचं तर शुद्ध किंवा वद्य तृतीयेला हरिहरेश्वरला मुक्कामाला पोचा, म्हणजे सकाळची ओहोटी प्रदक्षिणेला आणि पुढे हेदवीची संध्याकाळची भरती दोन्ही आपोआप जुळतात.