सायक्लेमनची कुंडी: देखणी, पण थंडीपुरतीच

हिवाळ्यात नर्सरीत दिसणारी सायक्लेमनची फुललेली कुंडी म्हणजे फुलपाखरांचा थवाच. रोप मूळचं तुर्कस्तान-लेबनॉनकडचं. थंडीत फुलायचं आणि कोरड्या उन्हाळ्यात कंदात झोपायचं, हा त्याचा स्वभाव. १२ ते १८ अंशांत फुलं आठवडेच्या आठवडे टिकतात. पुणे-नाशिकच्या थंडीत पूर्वेच्या खिडकीत जमून जातं; मुंबईत पैसे वाया.

घेताना उमललेल्या फुलांना भुलू नका, पानांखालच्या कळ्या बघा. कंद हलकेच दाबा. मऊ लागला तर कुंडी तिथेच ठेवा. वरून घातलेलं पाणी कंदाच्या माथ्यावर साचतं आणि कूज लागते. म्हणून कुंडी १५-२० मिनिटं पाण्याच्या ताटलीत ठेवा, उरलेलं ओतून द्या. सुकलेलं फूल कात्रीने कापू नका. देठ पिळून बुडापासून ओढा, नाहीतर राहिलेल्या तुकड्यावर करडी बुरशी धरते.

मार्चनंतर पानं पिवळी पडली म्हणजे रोप मेलं असं नाही. पाणी तोडा, कंद सावलीत कोरडा ठेवा. आपल्या पावसाळी दमटपणात तो टिकवणं मात्र कठीणच. घरात मांजर असेल तर कुंडी तिच्या आवाक्याबाहेर हवी, कंद विषारी असतो.